शाळेच्या वर्कशॉपमध्ये घडलेल्या लोखंडी कांबीनं गिटार आडवं पाडलं : जोसेफ केकुकूची गोष्ट, आणि पहिलं स्टील गिटार घेणाऱ्यांनी ती का वाचावी

धाराशिव जिल्ह्यातलं तेर. गोरोबाकाकांचं गाव. मडकं कच्चं की भाजलेलं हे टिचकी मारून ओळखायचं, ही रीत महाराष्ट्रातल्या कुठल्याही कुंभारवाड्यात दिसेल, पण तेरमध्ये ती थेट संतकथेत जाऊन बसली आहे. गोरोबाकाकांनी हातात थापटणं घेतलं, जमलेल्या संतांच्या डोक्यावर एकेक थाप मारली आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरवलं, ही गोष्ट शाळकरी पोरांनाही ठाऊक असते.

आता याच तेरमधल्या एखाद्या पोराला रात्री मोबाइलवर रील बघता बघता एक वेगळंच वाद्य दिसतं. माणूस टेबलासारख्या दिसणाऱ्या गिटारसमोर बसलाय. डाव्या हातात लोखंडी कांब, उजव्या हाताच्या बोटांत नख्या, पाय पेडलवर आणि गुडघे खालच्या दांड्यांवर. आवाज तर असा, की कुणीतरी गळ्यातून मींड घेतंय. याला म्हणतात पेडल स्टील गिटार. पुढचा प्रश्न ठरलेला असतो. हे घ्यायचं तर कुठलं घ्यायचं?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला दुकानाआधी हवाई बेटांवर जावं लागतं. कारण सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी तिथल्या एका पोरानं आपलं पहिलं स्टील गिटार विकत घेतलंच नव्हतं. त्यानं ते स्वतः घडवलं होतं. त्याचं नाव जोसेफ केकुकू.

मेक्सिकोच्या गुराख्यांनी आणलेलं गिटार

जोसेफचा जन्म १८७४ च्या डिसेंबरमधला. गाव लाइए, ओआहू बेटाच्या किनाऱ्यावर. तेव्हा हवाई अमेरिकेचा भाग नव्हता. ते स्वतंत्र राज्य होतं, त्याला स्वतःचा राजा होता आणि स्वतःची भाषा होती.

गिटार मात्र हवाईचं नव्हतं. १८३० च्या दशकात बेटांवर गुरं फार झाली होती. त्यांना आवरायला मेक्सिकोकडचे गुराखी बोलावले गेले आणि त्यांच्याबरोबर गिटार आलं. गुराखी परत गेले, गिटार राहिलं. हवाईच्या लोकांनी त्याच्या तारा आपल्या सोयीनं सैल करून लावल्या. नुसता हात फिरवला तरी सुरेल मेळ वाजावा, अशी ती जुळणी. पुढं १८७९ मध्ये पोर्तुगालच्या मडेरा बेटावरून मजूर आले, त्यांच्या छोट्या वाद्यातून युकुलेले तयार झालं. बाहेरून आलेलं वाद्य घ्यायचं आणि त्याला आपलंसं करायचं, ही सवय बेटाला आधीपासून होती.

जोसेफ याच वातावरणात वाढला. १८८९ मध्ये, साधारण पंधराव्या वर्षी, तो होनोलुलूच्या कामेहामेहा स्कूल फॉर बॉईजमध्ये दाखल झाला. मूळ हवाईयन मुलांसाठी नुकतीच सुरू झालेली ही शाळा. पुस्तकांसोबत तिथं हातकामही शिकवलं जायचं, त्यासाठी वर्कशॉप होतं. जोसेफच्या गोष्टीत हे वर्कशॉप फार महत्त्वाचं आहे.

बोल्ट, कंगवा, चाकू

ही गोष्ट सगळ्यात जास्त सांगितली जाते ती अशी. जोसेफ गिटार घेऊन रेल्वे रुळाच्या कडेनं चालला होता. वाटेत एक लोखंडी बोल्ट दिसला, त्यानं तो उचलला. चालता चालता बोल्ट तारांना घासला आणि एक लांबट, सरकता सूर निघाला. पोरगं थांबलं आणि त्यानं पुन्हा घासून बघितलं.

या गोष्टीच्या दुसऱ्याही आवृत्त्या आहेत. कुणी म्हणतं बोल्ट नव्हता, कंगवा होता. कुणी खिशातल्या चाकूचं नाव घेतं. ओआहूवरची रेल्वे १८८९ च्याच सुमारास सुरू झाली, त्यामुळं रुळाची गोष्ट अगदीच अशक्य नाही. पण शोधाच्या गोष्टी सांगता सांगता गुळगुळीत होतात, हेही तितकंच खरं.

अपघातानं निघालेला सूर खूप जणांनी ऐकला असेल. जोसेफचं मोठेपण त्यानंतर त्यानं काय केलं, यात आहे.

बोल्ट खडबडीत होता, म्हणून त्यानं शाळेच्या वर्कशॉपमध्ये पोलादाची गुळगुळीत कांब घडवली. आतड्याच्या तारांवर कांब नीट वाजेना, म्हणून त्यानं धातूच्या तारा लावल्या. कांब दाबली की खालच्या पडद्यांवर आपटून खरखर व्हायची, म्हणून तारा उचलून उंच केल्या. गिटार छातीशी धरून कांब सरकवणं अवघड जायचं, म्हणून ते मांडीवर आडवं घेतलं.

या चार बदलांनंतर जुन्याच लाकडातून नवं वाद्य उभं राहिलं. स्टील गिटार या नावातलं स्टील म्हणजे तीच हातातली पोलादी कांब. गिटार पोलादाचं असतं म्हणून ते नाव पडलेलं नाही.

हात बसायला काही वर्षं लागली. पडद्यावर बोट दाबलं की सूर आपोआप नेमका लागतो. कांबीखाली पडदा नुसती खूण उरतो. कांब केसभर मागं राहिली की सूर कोमल, केसभर पुढं गेली की चढा. सगळी भिस्त कानावर. जोसेफ शिकला, त्यानं वर्गातल्या पोरांना शिकवलं आणि ती पोरं आपापल्या बेटांवर ही पद्धत घेऊन गेली.

मग भारतात जन्मलेला तो मुलगा कोण?

इथं गोष्टीला एक भारतीय फाटा फुटतो.

हवाईचे नामवंत संगीतकार चार्ल्स किंग यांच्या सांगण्यानुसार, गिटारच्या तारांवर वस्तू सरकवून वाजवणारा पहिला माणूस जोसेफ नव्हता. तो होता गेब्रिएल डेव्हिऑन. जन्म भारतातला. एका जहाजाच्या कप्तानानं त्याला पळवून नेलं आणि फिरत फिरत तो होनोलुलूला पोचला. १८८० च्या दशकात, म्हणजे जोसेफ शाळेत जायच्याही आधी, तो असं वाजवायचा. या वादात जेम्स होआ हे तिसरं नावही घेतलं जातं.

डेव्हिऑननं लहानपणी भारतात कुठलं वाद्य ऐकलं असेल? आपल्याकडं तारेवर वस्तू सरकवून वाजवणं जुनं आहे. उत्तरेत विचित्र वीणा काचेच्या गोळ्यानं वाजते, दक्षिणेत गोट्टुवाद्यम लाकडी ठोकळ्यानं. गोट्टुवाद्यमला मैफलीत मान मिळवून देणाऱ्यांत तंजावरकडच्या तिरुविडैमरुदूरचे सखाराम राव यांचं नाव येतं. पुढं कर्नाटक संगीतात गायक म्हणून गाजलेले सेम्मनगुडी श्रीनिवास अय्यर त्यांच्याकडं शिकले होते. पण डेव्हिऑननं ही कला भारतातूनच नेली, असं दाखवणारा पुरावा नाही. त्यामुळं स्टील गिटार मूळ भारताचंच, असा फॉरवर्ड आला तर तो तिथंच थांबवलेला बरा.

एवढं मात्र नक्की, की घासून सूर काढणारे जोसेफच्या आधीही असू शकतात. कांब, धातूच्या तारा, उंच केलेली जुळणी आणि वाजवायची शिस्त या सगळ्याची सांगड घालून जगाला शिकवणारा माणूस म्हणून नाव येतं ते जोसेफचं. श्रेयाचा वाद त्याच्या मरणानंतरही संपला नाही.

राज्य गेलं, सूर बाहेर पडला

जोसेफ तरुण होत होता तेव्हा त्याचा देश हातातून निसटत होता. १८९३ मध्ये राणी लिलिउओकलानी यांना गादीवरून हटवण्यात आलं. त्यामागं बेटांवरचे गोरे व्यापारी आणि साखर मळ्यांची मंडळी होती. १८९६ मध्ये शाळांमधून हवाईयन माध्यम गेलं आणि इंग्रजी आलं. १८९८ मध्ये अमेरिकेनं बेटं ताब्यात घेतली.

भाषा शाळेबाहेर गेली, पण संगीत विकलं जात होतं. अमेरिकेच्या नाटकमंडळ्यांना आणि प्रदर्शनांना नारळाची झाडं, फुलांचे हार आणि हा रडवेला सूर हवा होता. हवाईच्या कलाकारांसाठी तेच पोटापाण्याचं साधन झालं.

१९०४ मध्ये, तिशीच्या उंबरठ्यावर, जोसेफनं बेट सोडलं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को, सिएटल अशा शहरांत तो वाजवत आणि शिकवत राहिला.

१९१२ मध्ये हवाईच्या पार्श्वभूमीवरचं द बर्ड ऑफ पॅराडाइज हे नाटक न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आलं. १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मोठं जागतिक प्रदर्शन भरलं, तिथल्या हवाईच्या दालनात लोकांची झुंबड उडाली. त्यानंतर अमेरिकेला हवाईयन संगीताचं अक्षरशः वेड लागलं. ध्वनिमुद्रिका खपू लागल्या आणि गल्लोगल्ली हवाईयन गिटारचे क्लास निघाले.

१९१९ मध्ये जोसेफ त्याच नाटकाच्या मंडळीबरोबर युरोपात गेला आणि साधारण आठ वर्षं तिकडंच फिरत राहिला. परत आल्यावर त्यानं शिकागोत शिकवणी चालवली. शेवटी बायकोबरोबर न्यू जर्सीतल्या डोव्हर या लहान गावात घर केलं आणि तिथंही शिकवणं सुरूच ठेवलं. १६ जानेवारी १९३२ ला मेंदूतल्या रक्तस्रावानं तो गेला. वय ५७. डोव्हरच्याच स्मशानभूमीत त्याला पुरलं. १९०४ मध्ये सोडलेल्या बेटावर तो परत गेला नाही.

तो गेला त्याच वर्षी

जोसेफ गेला त्याच १९३२ मध्ये अमेरिकेच्या बाजारात एक विचित्र वाद्य विक्रीला आलं. गोल तबकडी आणि लांब दांडा, त्यामुळं लोकांनी त्याला तळणीचा तवा म्हणजे फ्राइंग पॅन असं नाव दिलं. पुढं रिकनबॅकर या नावानं ओळखल्या गेलेल्या कंपनीचं हे गिटार व्यापारी तत्त्वावर विकलं गेलेलं पहिलं इलेक्ट्रिक गिटार मानलं जातं. आणि ते होतं मांडीवर आडवं ठेवून वाजवायचं हवाईयन गिटार. रॉकवाल्यांच्या गळ्यात लटकणाऱ्या इलेक्ट्रिक गिटारच्या आधी इलेक्ट्रिक झालं ते जोसेफचं वाद्य.

पण त्यात एक अडचण होतीच. सरळ कांबीनं सगळ्या तारा एकाच अंतरानं वर-खाली होतात. जुळणीत जो मेळ असेल तोच पुढं-मागं सरकतो. दुसरा मेळ हवा असेल तर दुसरी जुळणी हवी. म्हणून वादक दोन-तीन दांड्यांची गिटारं घेऊन बसायचे.

यावर उपाय म्हणजे पेडल. पायानं दाबलं की ठरावीक तार ठरावीक स्वरापर्यंत ताणली जाते, सोडलं की परत जागेवर येते. पेडलचे प्रयोग १९४० च्या आसपासच सुरू झाले होते. पण लोकांच्या कानात ते बसले १९५४ मध्ये. वेब पियर्सच्या स्लोली या गाण्यात बड आयझॅक्स या वादकानं स्वर वाजत असतानाच पेडल दाबलं. एक तार स्थिर, दुसरी तिच्याशेजारून वर चढतेय, असा तो आवाज. अमेरिकेच्या कंट्री संगीताचा तो शिक्काच झाला. पुढं नायजेरियाच्या किंग सनी अडे यांच्या बँडमध्ये आणि अमेरिकेतल्या काही कृष्णवर्णीय चर्चमध्येही पेडल स्टील पोचलं.

भारताकडं हा सूर वेगळ्या वाटेनं आला. हवाईयन मंडळ्या आशियाचे दौरे करायच्या. ताउ मो हे वादक दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कुटुंबासह कोलकात्यात होते. बंगालमध्ये हवाईयन गिटार घरोघरी गेलं. मुंबईच्या फिल्मी दुनियेत व्हॅन शिप्ली आले, सिनेमाच्या चाली गिटारवर वाजवलेल्या त्यांच्या रेकॉर्ड निघाल्या. ब्रिजभूषण काब्रा यांनी हेच गिटार रागदारीत आणलं. १९६७ च्या कॉल ऑफ द व्हॅली या अल्बममध्ये शिवकुमार शर्मांचं संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्यासोबत काब्रांचं गिटार आहे. पुढं विश्वमोहन भट्ट यांच्या मोहन वीणेला ग्रॅमीही मिळालं.

लाइएच्या पोराची कांब इथवर आली. आपल्या कानांना ती परकी वाटली नाही, कारण मींड आपल्या ओळखीची होती.

मग पहिलं कुठलं घ्यायचं?

जोसेफची गोष्ट नीट वाचली तर उत्तर त्यातच आहे. आधी साधं गिटार, मग बदल, मग नवं वाद्य.

पहिली पायरी : घरात किंवा मित्राकडं धातूच्या तारांचं साधं अकूस्टिक गिटार असेल तर तेच घ्या. तारा उचलायला वरच्या नटवर बसणारी धातूची पट्टी मिळते, ती फार महाग नसते. लोखंडी कांब घ्या, गिटार मांडीवर आडवं ठेवा. नायलॉनच्या तारांचं गिटार यासाठी चालत नाही. आणि त्याला धातूच्या तारा चढवू नका, ताणानं खालचा ब्रिज उखडू शकतो.

जुळणीसाठी फक्त तीन तारा उतरवायच्या. सगळ्यात जाड तार ई वरून डी ला, तिच्या शेजारची ए वरून जी ला, आणि सगळ्यात बारीक तार ई वरून डी ला. आता जी हा सा धरला तर जाडीकडून बारीककडं तारा होतात प, सा, प, सा, ग, प. भजनात पेटी वाजवणाऱ्याला हे लगेच कळेल. पाचव्या पडद्यावर कांब ठेवली की सा च्या तारेवर मध्यम, सातव्यावर पंचम, बाराव्यावर वरचा सा. कांब पडद्यांच्या मधल्या जागेत ठेवायची नाही, बरोबर पडद्याच्या तारेवर यायला हवी. आणि कांबीच्या मागं उरलेली बोटं तारांवर हलकी टेकवायची, नाहीतर नको ते सूर घुमत राहतात.

दुसरी पायरी : दोन-चार महिने हे टिकलं तर सहा किंवा आठ तारांचं लॅप स्टील घ्या. यात पेडल नाहीत, त्यामुळं यंत्रणा बिघडायची भीती नाही. मनासारखं झालं नाही तर विकणंही सोपं जातं.

तिसरी पायरी : पेडल स्टील. इथं घाई महागात पडते. शिकाऊ मॉडेलसुद्धा साध्या गिटारच्या कित्येक पट महाग असतं आणि आपल्याकडं ते बहुतेक वेळा बाहेरून मागवावं लागतं. म्हणजे वाहतूक आणि सीमाशुल्क वेगळं. दुरुस्ती करणारा माणूस जवळपास मिळेल याची खात्री नाही.

घ्यायचंच ठरलं, तर या गोष्टी बघा.

एक, दहा तारांचं, एका दांड्याचं आणि ई नाइन जुळणीचं घ्या. बहुतेक शिकवणीचं साहित्य याच जुळणीवर आहे. दोन दांड्यांचं वाद्य दिसायला भारी, पण वजनही भारी. नवख्याला त्याची गरज नसते.

दोन, किमान तीन पेडल आणि चार गुडघ्याच्या दांड्या असाव्यात. कमी असतील तर व्हिडिओत शिकवलेलं अर्धं तुमच्या वाद्यावर वाजणारच नाही आणि तुम्ही दोष स्वतःला द्याल.

तीन, जुनं घेत असाल तर ट्यूनर लावून एकेक पेडल तपासा. पेडल दाबलं की तार नेमक्या स्वरावर जाते का? सोडलं की मूळ स्वरावर परत येते का? परत येत नसेल तर वाद्य कितीही चकचकीत असू दे, सोडून द्या. विक्रेता लांबचा असेल तर हीच तपासणी व्हिडिओ कॉलवर करून मागा.

चार, त्यावर स्वतः बसून बघा. पाय पेडलवर असताना गुडघे दांड्यांना सहज लागले पाहिजेत. नाही लागले तर महिनाभरात पाठ बोलायला लागते.

पाच, बजेटमध्ये आवाजाचं पेडल, कांब, बोटांच्या नख्या आणि अँप्लिफायर धरा. यातलं काही राहिलं तर वाद्य घरात येऊनही गप्प बसेल.

सहावी गोष्ट दुकानात मिळत नाही. कान. पेटीवर सा लावायचा आणि कांब सरकवत तो सा तारेवर शोधायचा, रोज दहा मिनिटं. हा सराव फुकट आहे, आणि पेडल स्टीलवर गेल्यावरही तोच करावा लागतो.

जोसेफ केकुकूचं नाव आज अमेरिकेच्या स्टील गिटार हॉल ऑफ फेममध्ये आहे. पण त्याची सुरुवात झाली ती एका साध्या गिटारपासून, एका लोखंडी तुकड्यापासून आणि शाळेच्या वर्कशॉपपासून. वाद्य हातात येण्याआधी त्याला सूर ऐकू आला होता, मग त्यानं त्या सुरासाठी वाद्य बदललं.

तेरमध्ये मडकं घेताना आजही रंग बघण्याआधी टिचकी मारावी लागते. पहिलं स्टील गिटार घेतानाही तेच करा. मॉडेलचं नाव नंतर विचारा, आधी तार छेडा आणि ऐका.